हाडांचा फ्लोरोसिस: थोडक्यात

काय होते? जादा फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने हाडे आणि सांधे जखडतात. बीड जिल्ह्यात काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आहे.

मर्यादा: लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास १.५ (भारतीय मानक १०५००).

हाडात: खनिजातील हायड्रॉक्सिलची जागा फ्लोराइड घेते. हाड दाट होते, तरी ठिसूळ. अस्थिबंधांतही कॅल्शियम साचते, म्हणून मान, कंबर, गुडघे वळत नाहीत. ऑस्टिओपोरोसिसमध्ये उलट, हाड विरळ होते. या दोन्हींची गल्लत करू नये. मुडदूस वेगळाच: तो मुलांचा, बहुधा ड जीवनसत्त्वाच्या अभावाचा.

दातांवरचे डाग: दात घडण्याच्या वयात, साधारण आठ वर्षांपर्यंत, जादा फ्लोराइडचे पाणी प्यायल्यासच पडतात.

प्राथमिक चाचणी: वाकून पायाचे अंगठे धरणे, हनुवटी छातीला टेकवणे, हात डोक्यामागे नेणे. जमले नाही तर एक्स-रे, लघवी व पाण्याची तपासणी.

संशोधन: भारतातील पहिले सविस्तर वर्णन १९३७ चे, तत्कालीन मद्रास प्रांतातले. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने पाण्यातील फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरणारी नलगोंडा पद्धत विकसित केली. फ्लोरोसिसचा राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून.

उपचार: जखडलेले हाड पूर्ववत करणारे औषध नाही. पाण्याचा स्रोत बदलणे सर्वांत महत्त्वाचे. जोडीला कॅल्शियम, क आणि ड जीवनसत्त्वे, व्यायामोपचार.

उकळल्याने फ्लोराइड जात नाही. बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.