चित्र सरस, कथा नीरस

ऑगस्ट 1990च्या तारखेने मार्व्हल कंपनीने ‘स्पायडर-मॅन’ या नव्या मासिक कॉमिकचा पहिला अंक प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघालेल्या या अंकाच्या सुमारे 25 लाख प्रती खपल्या, परंतु चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांनी प्रथमच लेखनाचीही धुरा उचललेली ‘टॉरमेंट’ ही कथा त्या खपाच्या मानाने फारच तोकडी निघाली. कॉमिकमध्ये पान चौकटींत विभागलेले असते आणि दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत, म्हणजे ‘गटर’मध्ये, न दाखवलेली घटना वाचकाचे मन स्वतःच जुळवून घेते, या मानसिक क्रियेला स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 मधील आपल्या ग्रंथात ‘क्लोजर’ म्हटले आहे. मॅकफार्लेन यांच्या चित्रांत ही क्रिया सहज घडते, कारण अशक्य वाटावे इतके वळलेले अवयव, मोठे डोळे आणि दोरखंडासारखे पिळदार, गुंतागुंतीचे जाळे यांतून हालचालीची दिशा तत्काळ कळते. मात्र लिझार्ड हा सरड्यासारखा खलनायक आणि त्याला मंत्रबळाने चाळवणारी कॅलिप्सो यांच्या भोवती फिरणारे कथानक अतिशय क्षीण असून, ढोलाच्या ‘डूम’ या ध्वनिशब्दाची पुनरावृत्ती आणि चित्रात दिसणारेच पुन्हा सांगणारे जडशीळ निवेदन, ज्याची खरे तर गरजच नव्हती, यांमुळे वाचकाच्या कल्पनेला वाव उरत नाही. लेखन आणि चित्रण एकाच हाती आल्यास दोन्ही एकजीव होतात हा समज इथे टिकत नाही.