मुगाचं रिंगण

सकाळी साडेसहा. घरच्या भाकरी थापता थापता अंगणवाडीचं एक काम मी उरकून घेते. रात्री भिजवलेले मूठभर मूग निथळायचे आणि ओल्या फडक्यात बांधून पिशवीत टाकायचे. मूग किराणा दुकानातले, खायचे. पेरणीच्या पाकिटातलं बी मी मुलांच्या हातात कधीच देत नाही. आमच्या अमळनेर तालुक्यात घरोघरी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं असतात. त्यातली सरकी रंगीत दिसते, कारण तिला बुरशीनाशक, कीटकनाशक लावलेलं असतं. आणि तीन वर्षांचं मूल रंगीत दिसलं की आधी तोंडात घालतं. कुंपणाचा मोगली एरंड, साधा एरंड, धोतरा, गुंज यांच्या बियाही आमच्या अंगणात येत नाहीत. जूनच्या पालकसभेत हे सगळ्यात आधी सांगते. दुसरं सांगते ते नाकाचं. मूग-हरभरा नाकात गेला तर आत फुगतो, तेव्हा घरी चिमट्याने काढत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

नऊला कुलूप उघडतं. मावशी, म्हणजे आमच्या मदतनीस, झाडून घेतात, पाणी भरतात. मी हजेरी भरायला मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप उघडून ठेवते. रेंज आली तर आली, नाही तर दुपारी.

साडेनऊपासून पोरं यायला लागतात आणि आत न जाता आधी ओसरीत थांबतात. तिथे रंगाच्या रिकाम्या बादल्या ओळीने मांडल्या आहेत. तळाला भोकं, आत नदीकाठची गाळाची माती आणि शेणखत. एकीत जूनच्या शेवटी, पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरलेला मूग आहे. पुढच्या बादल्यांतला मूग थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलेला. त्यामुळे आज, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या बादलीत शेंगा काळ्या पडून वाळल्यात, दुसरीत हिरव्या शेंगा लोंबतात, तिसरीत पिवळी फुलं आहेत, चौथीत तीन-तीन पानांची रोपं आणि शेवटच्या बादलीत माती फोडून नुकतेच वर आलेले कोंब.

असं टप्प्याने पेरायचं कारण सांगते. बहुतेक ठिकाणी बालवाडीत कापसावर मूग ठेवतात, चार दिवसांत मोड येतात, फोटो निघतो आणि धडा संपतो. मुलाला कळतं एवढंच, की बी ओलं केलं की त्याला शेपूट फुटतं. मूग साधारण साठ-सत्तर दिवसांत बीपासून बीपर्यंत पोचतो, पण चार वर्षांच्या मुलाला सत्तर दिवस धरून ठेवता येत नाहीत. मागच्या सोमवारचंच त्याला आठवत नाही. म्हणून सगळी वयं एकाच ओसरीत, एकाच दिवशी, शेजारी शेजारी दिसायला हवीत. घरातही तान्हं बाळ, शाळेतली बहीण, आई आणि आजी एकाच चुलीभोवती असतात. तिथे वाढ म्हणजे काय, हे त्यांना कुणी वेगळं शिकवत नाही.

सव्वादहा. प्रार्थना, बडबडगीत, हात धुणं झालं की पाणी घालायची पाळी. बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडली की छान झारी होते. पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात, म्हणून आधी बोट मातीत खुपसून बघायचं. बोटाला माती चिकटली तर आज पाणी नाही. हा नियम पोरांनीच एकमेकांना इतका पक्का शिकवलाय की मला बोलावं लागत नाही.

एक बादली मात्र उकरायची आहे. लहान मूल पेरलेलं बी रोज उकरून बघतं. त्याला तिथून उठवायचं नाही, त्याला उकरायला वेगळी जागा द्यायची. त्या बादलीत रोज थोडे दाणे पेरते आणि कुणीही कधीही ते काढून बघावेत. आज एका मुलीने फुगलेला दाणा काढला, साल सोललं आणि आतल्या दोन पाकळ्या बोटावर धरून ओरडली, ‘‘ताई, हाई ते डाय शे!’’ डाळच ती. तिच्या मधोमध चिकटलेला इवला कोंब मी भिंगातून सगळ्यांना दाखवला. कोंबाला पहिले काही दिवस पुरणारी शिदोरी म्हणजे ती डाळ, हे सांगायला मला याहून चांगला क्षण मिळाला नसता.

इथली मुलं घरी अहिराणी बोलतात. मी मराठीत विचारते, ती अहिराणीत उत्तर देतात, आणि ते उत्तर मी जसंच्या तसं स्वीकारते. तीन वर्षांच्या मुलाला आधी शब्द बदलायला लावले तर तो बघायचंच सोडून देतो.

सोमवार असला की त्यानंतर दोऱ्याचा तक्ता. पट्टीवरचे आकडे या वयाला कळत नाहीत. म्हणून दर सोमवारी एकाच रोपाच्या उंचीचा लोकरीचा दोरा तोडायचा आणि पुठ्ठ्यावर मागच्या दोऱ्याशेजारी चिकटवायचा. दोरे वाढत वाढत जातात आणि फुलं आल्यावर वाढ मंदावते, तेही दिसतं.

अकरा. आज शेंगा काढायच्या होत्या. जूनची बादली अंगणात आणली. पानं पिवळी, देठ वाळलेले. एक मुलगा तिच्याजवळ येईना. जुलैपासून तिला पाणी घालणारा तोच. म्हणाला, ‘‘झाड मरी गयं.’’ मोठी माणसं अशा वेळी घाईने ‘नाही रे, झोपलंय’ म्हणतात. मी तसं म्हणत नाही. मुलाला जे दिसलं ते खरं आहे. ‘‘हो, झाड वाळलं,’’ म्हटलं, ‘‘आता शेंग फोडून बघ.’’ शेंग चिमटीत धरताच तटकन फुटली, टरफलाला पीळ पडला आणि दाणे अंगणभर उडाले. मग सगळीच पोरं दाणे शोधायला गुडघ्यांवर. तो मुलगा मूठ उघडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘शेंगमा मूगच शेतस!’’

त्यानंतर रिंगण. एकाच्या हातात मुगाचा दाणा, दुसऱ्याकडे मोड आलेला मूग, तिसऱ्याकडे दोन पानांचं रोप, पुढे फुलाची डहाळी, हिरवी शेंग आणि शेवटी वाळलेली शेंग. आधी एका ओळीत उभं राहायचं. ओळ लावताना भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत. फूल आधी की शेंग आधी, यावर आज चांगलीच बाचाबाची झाली. शेवटी मुलांनी स्वतःच बादलीपाशी जाऊन वाळक्या फुलातून डोकावणारी शेंग शोधून काढली. मग ओळ वाकवून गोल करायचा. वाळक्या शेंगेवाला दाण्यावाल्याच्या शेजारी येतो, शेंग फोडतो आणि आतला दाणा त्याच्या तळहातावर ठेवतो. हे करायला चित्रांचे पत्ते लागत नाहीत. छापील चित्रात बाण असतो; इथे एक मूल दुसऱ्याच्या हातात बी देतं.

ही वाट फार जुनी आहे. जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला बालशिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1837 साली लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. त्याच्या पद्धतीत प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा होता आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईकही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, महागड्या मॉन्टेसरी साहित्याच्या जागी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले वापरले. ज्यांच्या घरी खेळणं नव्हतं अशा मुलांसाठी. आमच्याकडे त्यातलं बरंचसं अंगणात पडलेलं आहे.

बाराच्या आधी कुंपणापलीकडच्या कपाशीकडे एक फेरी. शेतमालक काका परवानगी देतात, फवारणीच्या आठवड्यात मात्र आम्ही तिकडे फिरकत नाही. काल पोरांनी एका पांढरट फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला होता. आज तेच फूल गुलाबी. दोरा नसता तर ते दुसरंच फूल आहे, असं कुणीही म्हणालं असतं.

साडेबारा. बचत गटाच्या ताई खिचडी आणतात. आज एका मुलाचे आजोबा चोपड्याकडून केळी घेऊन आले होते. केळं खाता खाता प्रश्न आला, ‘‘ताई, केयानं बी कोठे शे?’’ मी केळं उभं चिरलं. मधले बारीक काळे ठिपके म्हणजे बी व्हायचं राहून गेलेल्या खुणा. आजोबांनीच पुढचं सांगितलं: केळीच्या बुंध्याशी, जमिनीतल्या कंदातून मुनवे फुटतात, त्यातला एक ठेवला की पुढची केळ तयार. सगळी झाडं मुगासारखी नसतात, हे मुलांना कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. केळीच्या पट्ट्यातल्या, रावेर-यावलच्या मुलाला केळीचा मुनवाच आधी दाखवावा, मूग नंतर. आजोबा पुढच्या खेपेला मुनवा आणून देणार आहेत.

दीड-पावणेदोनला पोरं घरी जातात. मग रजिस्टरं, राहिलेली हजेरी, वजन-उंचीच्या नोंदी. सप्टेंबर हा पोषण महिना, त्यामुळे परसबागेच्या कामाचा फोटोही पाठवायचा असतो. फोटो बादलीचा नाही, रिंगणाचा पाठवला.

साडेतीनला गृहभेटी. एका घरी आजीने राख आणि वाळला कडुनिंबाचा पाला घातलेलं मडकं दाखवलं, त्यात पुढच्या सालासाठी चवळीचं बी. तिची नात माझ्याच अंगणवाडीत आहे. आजीला म्हटलं, सोमवारी मडकं घेऊन या. पोरांनी वेचलेला मूग तुमच्याच हाताने राखेत ठेवायचाय. त्या म्हणाल्या, आधी चांगलं ऊन दाखवा, ओलं बी ठेवाल तर कीड लागेल.

म्हणून संध्याकाळी घरी जाण्याआधी वेचलेले दाणे सुपात पसरले आणि मावशींना सांगून ठेवलं, दोन दिवस गच्चीवर ऊन द्यायचं, पावसाचं वातावरण दिसलं की आत घ्यायचं. रिकाम्या झालेल्या बादलीतली माती मोकळी केली. ऑक्टोबरात तिथे हरभरा लावायचा. मूग आपली डाळ डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो, हरभरा ती मातीतच ठेवून फक्त कोंब वर काढतो. ही गोष्ट पोरांना मी आधी सांगणार नाही. उकरायची बादली त्यांच्याजवळ आहेच.