डुलक्या घेणारा पहारेकरी

लॅपटॉपचें झाकण मिटलें कीं पडदा आपोआप मालवतो. दार उघडलें कीं धोक्याची घंटा वाजूं लागते. पुष्कळ यंत्रांत ही वर्दी देणारा पहारेकरी म्हणजे एक लहानसें लोहचुंबक आणि त्याच्यासमोर बसविलेली, तांदळाच्या दाण्याएवढी सिलिकॉनची चिप.

या चिपचें मूळ १८७९ सालच्या एका प्रयोगांत आहे. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत एडविन हॉल या विद्यार्थ्यानें कांचेवर चिकटविलेल्या सोन्याच्या वर्खांतून वीज सोडली व तो वर्ख प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्यें धरला. तेव्हां प्रवाहाच्या आडव्या दिशेस, वर्खाच्या दोन कडांमध्यें, किंचित् विद्युद्दाब आढळून आला. वाहते विद्युत्कण चुंबकाच्या जोरानें एका कडेस लोटले जातात, हें त्याचें कारण. सिलिकॉनमध्यें असे कण धातूपेक्षां फार थोडे असतात. तेवढाच प्रवाह वाहून नेण्यास त्यांना अधिक वेगानें धांवावें लागतें. त्यामुळें हा दाब पुष्कळ वाढतो.

मात्र पहाऱ्यास वीज लागते. समजा, चिप जागेपणीं २ मिलिअँपिअर प्रवाह घेते. २२० मिलिअँपिअर-तासांची नाण्याएवढी बॅटरी तिला अवघे ११० तास, म्हणजे पांच दिवसहि पुरणार नाहीं. यावर तोड अशी कीं, चिपनें बहुतेक वेळ झोपावें. दर ५० मिलिसेकंदांनीं केवळ ५० मायक्रोसेकंद जागें होऊन चुंबक जवळ आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि उत्तर लक्षांत ठेवून पुन्हां झोपीं जावें. जागेपणाचा खर्च अशा रीतीनें हजारपट घटतो. झोपेंतील अल्प खर्च धरून सरासरी ५ मायक्रोअँपिअर झाली, तर तीच बॅटरी हिशेबानें ४४,००० तास, म्हणजे सुमारें पांच वर्षें चालेल.

परंतु झोपेंत घडलेलें पहारेकऱ्यास दिसत नाहीं. सेकंदास वीस वेळां डोळे उघडणारी चिप दारास पुरेशी आहे, कारण माणसाचा हात इतका चपळ नसतो. तीच चिप पाण्याच्या मीटरवर बसविली आणि चुंबक लावलेलें चक्र सेकंदास पंधरा फेरे घेऊं लागलें, तर कांहीं फेरे झोपेंतच निसटतात व मोजणी चुकते. तेथें अधिक वेळां जागें राहावें लागतें, आणि तितकी बॅटरी लवकर संपते. म्हणून अशी चिप निवडतांना ती वीज किती थोडी घेते, एवढेंच पाहून भागत नाहीं. ती किती वेळां जागी होते, हेंहि विचारावें लागतें.