वेदनेचे द्वार

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या डोंगराळ कुशीत वसलेले आहेत. पावसाळा सुरू झाला म्हणजे येथील उतारांवर भात, नागली आणि वरई यांची आवणी होते. चिखलात पाय रोवून, कमरेतून वाकून, स्त्री-पुरुष दिवसचे दिवस रोपे लावीत असतात. पाऊस येथे धो धो कोसळतो. पण उन्हाळ्यात अनेक पाड्यांच्या विहिरी आटतात. मग हंड्यावर हंडा चढवून बायकांना दरीतून चढण चढावी लागते. रानातून आणलेली लाकडांची मोळीही डोक्यावरूनच घरी येते. अशा कष्टांनी कंबर धरते, मान अवघडते, गुडघे ठणकू लागतात. पुष्कळजण हे दुखणे मुकाट्याने अंगावर काढतात.

अशा दुखण्यावर आज जे उपचार केले जातात, त्यांपैकी एक मोठा नवलाचा आहे. त्यात औषध पोटात घ्यावे लागत नाही, की सुई टोचून घ्यावी लागत नाही. तेथे वीज वेदनेला शांत करते! हे कसे घडते, ते समजण्यासाठी आधी वेदना म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

वेदना ही शरीराची रखवालदार आहे. पायात काटा रुतला, की तेथील मज्जातंतू ती वार्ता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे पोचवितात आणि तेथून ती मेंदूकडे जाते. मेंदूला वार्ता मिळाली, की मग आपल्याला दुःख जाणवते. परंतु सर्वच मज्जातंतू एकाच वेगाने धावत नाहीत. स्पर्शाची जाणीव नेणारे जाड तंतू सेकंदाला सुमारे तीस ते सत्तर मीटर इतक्या वेगाने संदेश नेतात. सतत ठणकणाऱ्या वेदनेचा संदेश मात्र बारीक तंतूंतून, सेकंदाला सुमारे एक मीटर अशा मंद गतीने जातो.

रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली एक सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे असे, की मज्जारज्जूमध्ये वेदनेच्या वाटेवर जणू एक द्वार आहे. स्पर्शाचे संदेश जोराने येऊ लागले, म्हणजे ते द्वार बरेचसे मिटते आणि वेदनेचे थोडेच संदेश पुढे जाऊ शकतात. पुढील संशोधनाने या सिद्धांतात पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु त्याचे मर्म टिकून राहिले. कोपर दारावर आपटले, तर आपण ते चटकन चोळू लागतो. लहान मूल पडले, की आई त्याच्या गुडघ्यावरून हात फिरविते. त्या चोळण्याने बरे का वाटते, याचे उत्तर या सिद्धांतात सापडते.

हाताने चोळण्याचे हे काम विजेकडून करवून घेता येईल काय? ही कल्पना तशी जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर आणि संधिवातावर विजेचा झटका देणाऱ्या जिवंत माशाचा उपयोग सांगत असे. पुढे १७९१ साली इटलीतील गॅल्व्हानी याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि बेडकाच्या पायाचे स्नायू विजेने आकसतात, हे जगाला कळले. १९६७ साली वॉल आणि त्याचा सहकारी स्वीट यांनी सौम्य विद्युत्‌प्रवाहाने काही रुग्णांच्या वेदना कमी होतात, असे दाखविले.

आज या कामासाठी हातात मावेल एवढे यंत्र मिळते. त्याला ‘टेन्स’ म्हणतात. भौतिकोपचार करणारा तज्ज्ञ दुखऱ्या भागाजवळ त्वचेवर चिकट पट्ट्या बसवितो आणि प्रवाह हळूहळू वाढवितो. रुग्णाला मुंग्या आल्यासारखे वाटते. विजेचे हे ठोके सेकंदाला शंभराच्या आसपास दिले, म्हणजे मुख्यतः स्पर्शाचे तंतू जागे होतात. ठोके अगदी संथ, सेकंदाला दोन-चार, पण जोरकस दिले, तर शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्ये निर्माण करते. अशी द्रव्ये मेंदूत असतात, हा शोध १९७५ साली लागला.

महाराष्ट्रात भौतिकोपचाराचे शिक्षण मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करण्याची त्या काळी मोठी निकड होती.

या उपचाराच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. पुष्कळदा यंत्र चालू असताना आणि नंतर काही वेळच आराम वाटतो. कंबरदुखीसाठी हे यंत्र देऊ नये, असा सल्ला इंग्लंडमधील आरोग्यसंस्थेने २०१६ साली दिला. कारण पुरेसा लाभ सिद्ध झाला नव्हता. हृदयात गतिनियामक यंत्र बसविलेल्या माणसाने, तसेच गरोदर स्त्रीने, डॉक्टरांना विचारल्यावाचून हा उपचार घेऊ नये. घरातील दिव्याची वीज तर अंगाला कधीही लावू नये. तिचा दाब २३० व्होल्ट असतो आणि ती प्राण घेते. उपचाराचा प्रवाह अँपिअरच्या सहस्रांशांत मोजण्याइतका लहान असतो आणि त्याचा प्रत्येक ठोका सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळ टिकतो.

रखवालदाराला क्षणभर गप्प केले, म्हणून घरातला चोर पळून जात नाही. वेदनेचे कारण शोधावे लागते. म्हणून दुखणे लांबले, तर ते अंगावर न काढता रुग्णालयात दाखविले पाहिजे. जव्हारला पतंगशाह यांच्या नावाचे रुग्णालय आहे आणि मोखाड्यालाही ग्रामीण रुग्णालय आहे. योग्य व्यायाम, ओझे उचलताना गुडघ्यांतून वाकण्याची सवय आणि कामाच्या मध्ये थोडी विश्रांती यांची जोड मिळाली, तरच आराम टिकतो. आणि हंड्याखाली वाकलेल्या कमरेचे खरे औषध तर आणखी निराळे आहे. ज्या दिवशी पाड्यावरील प्रत्येक घराजवळ बारमाही पाणी येईल, त्या दिवशी कितीतरी मानांवरचा भार आपोआप उतरेल. वेदना शमविणे ही विद्या खरी. पण वेदना होऊच न देणे ही तिच्याहून थोर विद्या होय.