पाकीट बदलले तरी दिवस चुकू नये

वस्तीत फिरताना आमच्यापुढे गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे उघडून ठेवली जातात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. "सिस्टर, आशाताईंकडची माला-एन संपली, मेडिकलमधून ही आणली. चालेल का?" कधी उलटे असते. लग्न करून मुंबईहून गावी आलेली मुलगी दुकानाची गोळी घेत असते आणि उपकेंद्रात तिला माला-एन मिळते. गोळी बदलणे धोक्याचे नाही. बदलताना मध्ये जे दिवस रिकामे जातात, ते धोक्याचे आहेत. नको असलेले दिवस बहुतेक वेळा तिथेच राहतात.

आधी पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. माला-एनवर लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असे लिहिलेले असते. दुकानात विकत मिळणारी माला-डी हीच, ओव्हरल-एलमधली औषधेही हीच. काही पाकिटांवर १५० आणि ३० मायक्रोग्रॅम असे छापलेले असते, ते मापही तेच. म्हणजे नाव बदलले, डबी बदलली, किंमत तर फारच बदलली, पण पोटात जाणारे औषध एकच. महाग ती चांगली आणि फुकट ती कमजोर हा समज मनातून काढून टाका. मात्र नावाच्या शेवटचे अक्षर नीट पाहा. ओव्हरल-एल आणि ओव्हरल-जी या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, जी मध्ये औषधाचे प्रमाण जास्त असते. घाईच्या वेळी दुकानदाराचा हातही चुकू शकतो, म्हणून जुने रिकामे पाकीट सोबत न्या.

आता दिवसांचा हिशोब. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या गोळ्यांत गर्भ राहू न देणारे औषध असते. उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या, रक्तवाढीसाठी. त्यांनी गर्भ थांबत नाही, त्या दिवसांत पाळी येते आणि रोज गोळी घेण्याची सवय मोडत नाही, एवढेच. दुकानातल्या बऱ्याच पाकिटांत फक्त २१ गोळ्या असतात. त्या संपल्यावर ७ दिवस काही घ्यायचे नाही आणि आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू करायचे. दोन्हीत औषधाविना जाणारे दिवस सातच. सातापेक्षा जास्त झाले की बीजकोश पुन्हा जागा होऊ लागतो आणि बीज बाहेर पडू शकते.

गोंधळ होतो तो इथे. माला-एनच्या सातही काळ्या गोळ्या घेऊन झाल्या, मग दुकानाचे २१ चे पाकीट आणले आणि कोणीतरी सांगितले, "या गोळीला सात दिवस सुट्टी असते." झाली सात दिवसांची सुट्टी. म्हणजे औषधाविना चौदा दिवस! दुसरी चूक याहून जास्त होते. पहिल्यांदा गोळी सुरू करताना नर्सने "पाळीच्या पाचव्या दिवसापासून" असे सांगितलेले असते. ते वाक्य डोक्यात पक्के बसते आणि पाकीट बदलले की पुन्हा पाळीची वाट पाहणे सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका भगिनीने असेच केले. गोळ्या वर्षभर नियमित, एक दिवस चुकलेला नाही. उपकेंद्रात साठा नव्हता, दुकानातून नवी आणली आणि पाळी येऊन गेल्यावर पाचव्या दिवशी सुरू करू म्हणून थांबली. पाळी आलीच नाही. घरात बोलणी तिलाच बसली, गोळी नीट घेतली नसेल म्हणून.

तेव्हा गोळी घेणारीने पाकीट बदलताना पाळीची वाट पाहू नये. माला-एनची शेवटची लोहाची गोळी ज्या दिवशी घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली गोळी. २१ चे पाकीट संपले असेल तर आठव्या दिवशी माला-एनची पहिली पांढरी गोळी, रक्त जात असले तरी आणि पाळी आली नसली तरी. नव्या गोळीतले औषध वेगळे असेल, उदाहरणार्थ इस्ट्रॅडिऑलचे प्रमाण ०.०२ असेल, तर सुट्टी न घेता शेवटच्या पांढऱ्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी नवी सुरू करणे जास्त चांगले. पहिले दोन-तीन महिने मधूनच डाग दिसतील, मळमळेल. तेवढ्यासाठी गोळी सोडू नका. दिवस जास्त गेलेच असतील तर नवे पाकीट सुरू करून पुढचे सात दिवस निरोध वापरा. त्या रिकाम्या दिवसांत संबंध आला असेल तर लगेच आशाताईंना भेटा. ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी त्यांच्याकडे असते, ती जितकी लवकर तितकी बरी. पण ती महिन्याच्या महिन्याला घ्यायची गोळी नव्हे.

छायाचे गणित साफ निराळे आहे. तिच्यात इस्ट्रोजेन नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी, दुकानातली सहेली म्हणजे तीच. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी आणि नंतर आठवड्यातून एकदा. सहेली घेणारीला छाया मिळाली तर आहे तोच वार चालू ठेवावा, पुन्हा दोनदापासून सुरुवात नको. माला-एनवरून छायावर जायचे असेल तर मात्र सिस्टरकडून दिवस ठरवून घ्या आणि तोवर निरोध वापरा.

आणखी एक गोळी या गर्दीत घुसते. लग्नाआधी, यात्रेआधी पाळी पुढे ढकलायला घेतात ती, नॉरएथिस्टेरोन ५ मिलिग्रॅम. ती तशी घेतल्याने गर्भ राहणे थांबते असे धरून चालू नका. विहारातल्या कार्यक्रमासाठी ती मागणाऱ्या भगिनीही आम्हाला भेटतात, याचे वाईट वाटते. बुद्धवंदनेला पाळीची अडचण कोणी सांगितली?

पाकीट बदलण्याची वेळ ही तपासणीचीही वेळ समजा. रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर माला-एनसारखी इस्ट्रोजेनची गोळी नको. अंगावर पाजणाऱ्या आईने मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत ती टाळावी, छाया चालते. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे. नुसती वाहक असणे वेगळे, पण एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इस्ट्रोजेनची गोळी घेऊ नका. टीबीचे औषध सुरू असेल तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळी निकामी होते, मग ती कोणत्याही कंपनीची असो. उपचार संपल्यावरही महिनाभर हा परिणाम राहतो. तिथे तांबी किंवा निरोध. फिटच्या काही औषधांचेही तसेच आहे. आणि पोटरी एकाएकी सुजून दुखली, छातीत दुखले, धाप लागली, डोके कधी दुखले नव्हते तसे दुखले किंवा दिसेनासे झाले, तर गोळी थांबवून थेट दवाखाना.

मुळात पाकीट बदलायची वेळ येते ती साठा संपल्यामुळे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले, मांडले रोहम यांनी. ठराव फेटाळला गेला. आज गोळी सरकारी केंद्रात फुकट आहे आणि तरी "पुढच्या आठवड्यात या" असे ऐकावे लागते. गोळी घेणारीला पुढचा आठवडा नसतो. म्हणून शेवटचे पाकीट उघडण्याआधी पुढची दोन-तीन मागून ठेवा. मिळाली नाहीत तर महिला मंडळाने मिळून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

इतके करूनही पाळी चुकली तर लपवू नका, उपकेंद्रात लघवीची तपासणी करून घ्या. नकळत दिवस राहिले असताना गोळ्या घेतल्या गेल्या असतील तर त्याने बाळाला व्यंग येत नाही. मूल नको असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात कायदेशीर आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. कोणी मागितलीच तर एकटीने परत येऊ नका, आमच्यापैकी कोणालाही सोबत घेऊन जा.