चारशेच्या भावावर कोण उभं होतं?

डीलरच्या पडद्यावर एखादा शेअर उघडला की दहा भाव दिसतात. खरेदीचे पाच, विक्रीचे पाच, आणि प्रत्येक भावासमोर किती ऑर्डरी आणि किती शेअर. बाजार ज्याला सपोर्ट म्हणतो, तो मुळात इथे असतो. चार्टवरची आडवी रेघ नंतर येते. आधी त्या भावाला माल घ्यायला तयार असलेली माणसं यावी लागतात. ही माणसं कोण, त्यांना काय ठाऊक आहे आणि ती किती वेळ टिकणार, हे कळल्याशिवाय रेघेवर भरवसा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. ठाण्यातल्या एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात डीलरशेजारी बसून पाहिलेल्या एका दुपारने ते पक्कं केलं.

जानेवारी महिना, डिसेंबर तिमाहीच्या निकालांचे दिवस. एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कंपनीचा निकाल दुपारी यायचा होता. हा शेअर ऑक्टोबरमध्ये चारशेपर्यंत उतरून वर गेला होता, नोव्हेंबरमध्येही तसंच झालं होतं. त्यामुळे सकाळपासून फोन एकाच भावाचे. एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "चारशेचं लावून ठेव रे, त्याच्या खाली जात नाही तो." एक बाई म्हणाल्या, "दादा, मागच्या वेळी दोन रुपयांनी हुकला माझा. या वेळी नक्की भरा." तिसऱ्याकडे साडेचारशेने घेतलेला माल होता, त्याला अ‍ॅव्हरेज करायचं होतं. तिघांची कारणं वेगळी, पण तिघांचीही माहिती एकच होती: आधी दोनदा काय घडलं. कंपनीच्या धंद्याबद्दल फोनवर कुणीच काही विचारलं नाही.

बाजार सुरू असतानाच निकाल आला. वाहिनीवर खाली पट्टी धावली, नफ्यात घसघशीत वाढ. शेअर झटक्यात आठ-दहा रुपये वर गेला आणि लगेच परत फिरला. एक्सचेंजच्या साइटवर कंपनीने टाकलेली पीडीएफ मी उघडली. नफा वाढला होता खरा, पण त्यातला मोठा तुकडा जमीन विकून आलेला होता. तो वेगळ्या ओळीत, 'अपवादात्मक बाबी' म्हणून दाखवला होता. मूळ धंद्याचं मार्जिन घसरलं होतं. यात गुपित काहीच नव्हतं. कंपनीच्या आतल्या माणसांसाठी तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, तो नियम चोख आहे. इथे माहिती सगळ्यांना एकाच क्षणी मिळाली होती. फरक वाचण्यात पडला. कुणी पट्टी वाचली, कुणी तळटीप.

भाव ४००.२० वर आला तेव्हाचा पडदा मला अजून तपशिलात आठवतो. ४००.२०, ४००.१५, ४००.१०, ४००.०५ या चार भावांना तीन-चार ऑर्डरी, शे-दोनशे शेअर. आणि ४०० ला दोनशेच्या वर ऑर्डरी, जवळपास एकोणीस हजार शेअर. मला हा आकडा भरभक्कम वाटला. डीलरने मात्र भागाकार केला. "सर, ऑर्डरमागे नव्वद शेअर पडतात. फंडवाले असे नव्वद-नव्वद घेत नाहीत. ही सगळी आपल्यासारखी माणसं आहेत." तशी खात्री यातून मिळत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मोठा खरेदीदार आपली ऑर्डर पूर्ण दाखवत नाही. एनएसईवर दहा टक्के उघड करून बाकीची झाकून ठेवता येते. उलटही घडतं: विकणाऱ्याला धीर यावा किंवा घेणाऱ्याने घाई करावी म्हणून मोठी ऑर्डर लावायची आणि भाव जवळ आला की काढून घ्यायची. ती लबाडी आहे आणि सेबी त्यावर कारवाई करते. तरीही ऑर्डरींची संख्या बरंच काही सांगून जाते.

मग मी ज्यासाठी लिहायला बसलो ते घडलं. ४०० वरचे एकोणीस हजार शेअर पंधरा हजारांवर आले, मग अकरा, मग सात. पण तेवढ्या वेळात प्रत्यक्ष सौदे झाले फक्त दोन-अडीच हजारांचे. बाकीचे शेअर कुणी विकून संपवलेच नव्हते. लोकांनी ऑर्डरी रद्द केल्या होत्या. सपोर्ट तुटतो तेव्हा विक्रीचा लोंढा आला असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा त्याआधी खरेदी आटलेली असते. ऑफिसातही तेच चाललं होतं. बँकवाल्या साहेबांचा पुन्हा फोन आला, "काढ रे, काहीतरी गडबड दिसतेय." काय गडबड, ते त्यांनी सांगितलं नाही. समोरची रांग लहान होतेय, एवढंच त्यांना दिसत होतं.

पुढचं मिनिटभरात उरकलं. ३९९ गेला, ३९८ च्या आसपास लावलेले स्टॉपलॉस पेटले, भाव ३८६ वर जाऊन थांबला. स्टॉपलॉस तिथेच का असतात? कॅरल ऑस्लर या अर्थतज्ज्ञ बाईंनी चलन बाजारातल्या प्रत्यक्ष ऑर्डरी तपासून याचं उत्तर दिलं आहे: नफा पदरात पाडण्याच्या ऑर्डरी गोल आकड्यावर गर्दी करतात आणि स्टॉपलॉस त्या आकड्याच्या जरा पलीकडे. म्हणून गोल आकड्यावर भाव अडतो आणि तो ओलांडला की वेग घेतो. त्यांचा अभ्यास शेअरचा नव्हता, पण त्या दुपारी मला दिसलं ते अगदी असंच होतं.

अख्ख्या बाजारातही हेच मोठ्या मापाने चालतं. ३ जून २०२४ ला लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत भाजपच्या एकट्याच्या बहुमताचा अंदाज कोसळला आणि तो जवळपास सहा टक्के पडून २१,८८४ वर आला. ७ जूनला मात्र २३,२९०. मधल्या काळात कंपन्यांचा धंदा बदलला नव्हता. सरकार कोण बनवणार याचं उत्तर मिळालं आणि बाजूला झालेला खरेदीदार परतला. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, असं उत्तर कुणाकडेच नव्हतं. २३ मार्चला दहा टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार पाऊण तास थांबले, आणि सुरू झाल्यावर निफ्टी आणखी उतरून सुमारे तेरा टक्के खाली बंद झाला. चार्टवरचे कित्येक जुने सपोर्ट त्या महिन्यात कोलमडले, कारण कुठल्याही कंपनीची पुढच्या तीन महिन्यांची विक्री किती, हेच सांगता येत नव्हतं.

एसआयपीचा पैसा या सगळ्याहून निराळा. तो भाव बघत नाही, बातमी वाचत नाही. ठरल्या तारखेला खात्यातून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी निव्वळ सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले, त्याच महिन्यात एसआयपीतून २५,३२३ कोटी आले. या पैशाने पडझडीचा वेग कमी झाला, असं मला वाटतं, आणि पगारातून तो घालणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण म्हणून खाली जमीन तयार झाली असं कुणी समजू नये: सप्टेंबरमध्ये २६,२७७ ला पोचलेला निफ्टी ७ एप्रिल २०२५ ला २१,७४४ पर्यंत उतरलाच.

त्या इंजिनिअरिंग कंपनीची गोष्ट एप्रिलपर्यंत पुरी झाली नाही. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला भागधारकांचा तक्ता जाहीर करावा लागतो. तो आला तेव्हा शेअर साडेतीनशेच्या आसपास होता. मी आधीच्या तिमाहीचा तक्ता शेजारी ठेवून बघितला. म्युच्युअल फंडांचा हिस्सा घटला होता. दोन लाखांपर्यंतचं भागभांडवल असलेल्या किरकोळ भागधारकांची संख्या मात्र चांगलीच वाढली होती.