वरच्या जबड्यांतील दंतरोपण

कर्जत-खालापूरकडे धुपलेल्या भातखाचरांत मातीची भर घातली, तर ती बसल्यावरच लावणी करावी लागते. वरच्या जबड्याचेंही तसेंच आहे. दाढा गेल्या कीं हाड झिजतें आणि नाकाशेजारची पोकळी खालीं उतरते. म्हणून तेथें हाडाची भर घालून, बहुधा सहा-आठ महिन्यांनीं, टायटॅनियमची खुंटी बसवितात. हाड या धातूस घट्ट धरतें, हें ओळखून स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनीं १९६५ सालीं पहिल्या रुग्णास खुंट्या बसविल्या.

भर घातलेल्या हाडांतही बहुतेक खुंट्या दहा वर्षांनंतर टिकलेल्या आढळतात. मात्र खुंटीस कीड लागत नसली, तरी भोंवतालचें हाड निमूटपणें झिजूं शकतें. तंबाखू, अस्वच्छता आणि अनावर मधुमेह हे तिचे वैरी होत. म्हणून दुखत नसलें तरी वर्षांतून एकदां तरी तपासणी करवावी; त्यासाठीं कर्जतहून मुंबईची फेरी पडली, तरी ती गमावलेल्या हाडाहून स्वस्तच होय.